पिकअपची खडखड कशी थांबवायची, सायलेन्सर कोणता बसवायचा? खाऱ्या हवेतल्या गाड्यांसाठी सविस्तर माहिती

हर्णे (ता. दापोली) : हर्णे बंदरात सकाळ-संध्याकाळ मासळीचा लिलाव होतो. होडीतून बैलगाडीवर, बैलगाडीतून वाळूत, वाळूतून टपात आणि टपातून पिकअपच्या हौद्यात असा मासळीचा प्रवास. पुढे आसूदमार्गे चढ चढून दापोली, तिथून खेड आणि मुंबई-गोवा महामार्ग. बर्फ वितळायच्या आत माल पोचला पाहिजे, नाहीतर भाव पडतो. त्यामुळे इथे पिकअप बंद पडली की एका फेरीचं भाडं तर जातंच, कधीकधी अख्खा मालही जातो.

बंद पडण्याआधी गाडी बहुतेक वेळा सांगत असते. खडखड, टकटक, फटफट, धुराचा वास. पण 'जुनी गाडी आहे, आवाज येणारच' म्हणून दुर्लक्ष होतं. त्यातला कुठला आवाज नुसता त्रासदायक आणि कुठला जीवावरचा, तो घरी कसा ओळखायचा, सायलेन्सर बदलायचा झाला तर कोणता घ्यायचा आणि 'मोकळा' सायलेन्सर बसवला तर काय होतं, याची ही माहिती. महिंद्रा, टाटा, अशोक लेलँड अशा कुठल्याही कंपनीच्या डिझेल पिकअपला यातलं बरंचसं लागू पडतं.

किनाऱ्यावरची गाडी लवकर का गंजते?

घाटमाथ्यावरच्या गाडीपेक्षा बंदरावरच्या गाडीला तिहेरी मार बसतो.

पहिला मार हवेतल्या खारटपणाचा. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते. पाण्यात मीठ असलं की हे काम कितीतरी पटीने लवकर होतं.

दुसरा मार हौद्यातून गळणाऱ्या पाण्याचा. मासळीवरचा बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्याच्या फटीतून थेट चॅसिसवर, पाट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर आणि सायलेन्सरवर पडतं. सायलेन्सर तापलेला असला तर पाणी उडून जातं, पण मीठ तिथेच राहतं.

तिसरा मार आतून बसतो आणि तो दिसत नाही. डिझेल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांबवर चालली तर सायलेन्सर नीट तापतो आणि वाफ बाहेर पडते. पण बंदर ते बर्फ कारखाना, बर्फ कारखाना ते बंदर अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. वरून रंग चांगला दिसणारा सायलेन्सर एक दिवस अचानक तुटून लोंबतो, तो यामुळे. काही सायलेन्सरना तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेवलेलं असतं. ते गळतंय असं समजून वेल्डिंगने बुजवू नये.

आधी आवाज ओळखा

गॅरेजला जाऊन 'गाडी वाजते' एवढंच सांगितलं तर मेस्त्री अर्धा दिवस शोधत बसतो. आवाज कधी येतो हे सांगितलं तर निम्मं काम होतं.

- गाडी उभी, इंजिन चालू आणि पत्रा थरथरल्यासारखी झणझण : सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल, किंवा क्लॅम्प ढिला.
- उभ्या गाडीत स्टेअरिंग, गिअर लिव्हर आणि अख्खी केबिन हलते : इंजिनाचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग रबर गेलं.
- गाडी थंड असताना इंजिनाजवळ टिकटिक, तापल्यावर कमी होते : एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकतंय किंवा स्टड तुटलाय. लोखंड तापून फुगलं की फट बुजते, म्हणून आवाज कमी होतो. दुरुस्ती झाली असं समजू नये.
- खड्ड्यात मागून खडखड, गाडी रिकामी असताना जास्त : पाट्यांचे बुश, शॅकल पिन, पाट्यांच्या क्लिपा, फाळक्याचे हूक किंवा स्टेपनी.
- खड्ड्यात पुढून टकटक, स्टेअरिंगला झटका : बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअपचा बुश. हा आवाज थांबायचा नाही, गाडी थांबवायची.
- गिअर टाकून क्लच सोडताना 'टक्क' : प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.
- एका ठराविक स्पीडला खालून घरघर आणि थरथर : शाफ्टचं सेंटर बेअरिंग, किंवा शाफ्टचा तोल गेलेला.
- ब्रेक मारल्यावर आवाज बंद होतो किंवा बदलतो : ब्रेक पॅड किंवा कॅलिपरचं काम.
- ब्रेक मारल्यावर घासल्याचा लोखंडी आवाज : लायनर किंवा पॅड संपलेत.

एक सोपी युक्ती आहे. रिकामी गाडी ओळखीच्या खराब रस्त्यावर न्यावी, फाळके सोडून घरी ठेवावेत, हौद्यातले टप, क्रेट, जॅक, पाने सगळं उतरवावं. निम्म्या गाड्यांची खडखड इथेच संपते. राहिली तर मग खाली बघायचं.

गाडीखाली शिरण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक घसरतो, वाळूत तर हमखास बसतो. सपाट, टणक जागा हवी. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चॅसिसखाली लोखंडी घोड्या. काँक्रीटचा ब्लॉक घोडी म्हणून वापरू नये, तो एका क्षणात फुटतो.

सायलेन्सरला हात लावण्याआधी गाडी दोन-तीन तास बंद ठेवावी. घाट चढून आलेल्या गाडीच्या मॅनिफोल्डजवळ धुराचं तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेलं असतं.

सायलेन्सर लाइनची तपासणी

गाडी थंड असताना हातात जाड हातमोजे घालून मागच्या नळीला धरून हळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवावं. थोडी हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ती कुठेतरी चॅसिसला टेकलीय, आणि लोंबत हलत असेल तर रबर तुटलंय.

हे रबर का असतं ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत हलत असतं आणि सायलेन्सर इंजिनाला जोडलेला असतो. चॅसिस मात्र वेगळी हलते. दोघांमधला हा फरक रबरं आणि पुढची लवचिक जाळीची नळी सोसतात. रबर तुटलं की बरेच जण तारेने किंवा साखळीने सायलेन्सर आवळून बांधतात. खडखड त्या दिवसापुरती थांबते, पण आता इंजिनाचा प्रत्येक धक्का सरळ जोडावर बसतो. मग आधी लवचिक नळी फाटते, नंतर मॅनिफोल्डचा स्टड तुटतो. काही रुपयांचं रबर वाचवून मोठं काम ओढवून घेतलं जातं. रस्त्यात तुटलं तर तार बांधून घरी यावं, पण दुसऱ्या दिवशी रबर घालावं. एक तुटलं असेल तर सगळीच बदलावीत, कारण वय सगळ्यांचं सारखंच असतं.

मग रबरी हातोडीने किंवा मुठीने सायलेन्सरच्या डब्यावर हलकं ठोकावं. आत काही वाजलं, डब्यात खडे असल्यासारखं, तर आतला पडदा सुटलाय. असा डबा बाहेरून वेल्डिंग करून सुधारत नाही. सुटलेला तुकडा नळीत आडवा बसला तर धूर अडतो आणि चढावर गाडी दमते. तो बदलायचाच. बीएस-६ गाडीत मात्र सगळे डबे सायलेन्सर नसतात, पुढे गाळणीचे डबेही असतात. त्यांच्यावर ठोकाठोक करू नये, आतली जाळी मातीच्या भांड्यासारखी तडकते.

उष्णता अडवणारा पत्रा सैल असेल तर तो उपटून फेकू नये. तो वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, केबिनचा तळ आणि खालचं गवत यांना उष्णतेपासून वाचवतो. बोल्टचं भोक गंजून मोठं झालं असेल तर मोठा वॉशर टाकून आवळावा, किंवा स्टीलचा गोल होज क्लॅम्प पत्र्यासकट नळीभोवती फिरवून घट्ट करावा. हे काम घरी अर्ध्या तासात होतं.

गंजलेले नट जोर लावून फिरवू नयेत. आदल्या रात्री रस्ट स्प्रे मारून ठेवावा आणि सकाळी नट थोडा पुढे, थोडा मागे करत सोडावा. मॅनिफोल्डचा स्टड आत तुटला तर तो काढायला ड्रिल लागतं आणि काम दिवसभराचं होतं.

धूर केबिनमध्ये येतोय? मग गाडी आधी थांबवा

खडखड सोसता येते, पण गळणारा धूर सोसायचा नाही. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलपेक्षा डिझेलमध्ये तो कमी असतो हे खरं, पण पावसात काचा बंद करून, फुटक्या सायलेन्सरची गाडी उभ्याने चालू ठेवून कोणी झोपलं तर धोका खराच आहे. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, विनाकारण झोप ही त्याची लक्षणं. माणसाला वाटतं रात्रभर जागल्यामुळे होतंय. गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं तर संशय गाडीवर घ्यावा. आणि कोणी बेशुद्ध होत असेल, बोलताना अडखळत असेल तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणून १०८ ला फोन करावा.

लांबचा त्रास वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. रोज आठ-दहा तास गाडीत बसणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवायला हवं.

गळती शोधायची रीत अशी :

१. गाडी पूर्ण थंड असताना, मोकळ्या जागेत सुरू करावी.
२. एकाने जाड कापड हातमोज्याने मागच्या नळीच्या तोंडावर चार-पाच सेकंद सैलसर धरावं. पूर्ण बंद करू नये.
३. दुसऱ्याने बाजूला उभं राहून पुढून मागेपर्यंत ऐकत यावं. जिथे 'फुस्स' किंवा 'फटफट' येते तिथे फट.
४. इंजिन बंद करून बॅटरीने बघावं. जोडांवर काळी काजळी फुटल्यासारखी पसरली असेल तर तिथून धूर जातोय.
५. केबिनच्या तळाची भोकं, गिअर लिव्हर आणि पेडलजवळची रबरं बघावीत. फाटलेली असतील तर धूर तिथूनच आत येतो.

दुरुस्ती होईपर्यंत काचा उघड्या ठेवून चालवावी, उभी गाडी चालू ठेवून आत बसू नये, आणि हौद्यावर ताडपत्री बांधून मागे माणसं बसवू नयेत. मालाच्या हौद्यात माणसं नेणं तसंही नियमात बसत नाही, पण फुटक्या सायलेन्सरच्या गाडीत ते जीवावर बेतू शकतं.

पाटे, शॅकल, शॉकअप

मासळीच्या गाडीत सगळ्यात जास्त खडखड इथून येते. हौद्यातलं खारं पाणी पाट्यांमध्ये मुरतं, गंजाचा थर चढतो आणि पाटे एकमेकांवर घसरण्याऐवजी अडकून 'कर्र' करतात.

शॅकलजवळ पहार घालून हलकं उचकून बघावं. पिन आणि बुश यांत खुळखुळ दिसली तर बुश बदलावे. बुश लोखंडी असून ग्रीसचं निपल असेल तर दर सर्व्हिसला आणि भरपावसात त्याआधीही ग्रीस मारावं, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. बुश रबरी असतील तर ग्रीस किंवा ऑइल लावू नये, रबर फुगून फाटतं. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लोंबत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली बसल्याबरोबर रबर पिळवटतं आणि लवकर जातं.

पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट, मधला सेंटर बोल्ट आणि बाजूच्या क्लिपा नीट बघाव्यात. यू-बोल्ट ढिला असला की सेंटर बोल्ट कातरला जातो आणि अॅक्सल तिरका होतो. मागून बघणाऱ्याला गाडी वाकडी चाललेली दिसते. पाटे उघडून परत बसवले असतील तर ५०० ते १,००० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. पाट्याचं पोलाद ठराविक पद्धतीने तापवून-थंड करून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते ठिसूळ होतं आणि भरल्या गाडीत तिथेच पुन्हा तुटतं.

खालून गंज लागू नये म्हणून काही जण जळकं ऑइल मारतात. चॅसिसला ते चालल्यासारखं वाटतं, पण उडून रबरी बुशवर, ब्रेकवर आणि सायलेन्सरवर जातं. रबर खराब होतं, ब्रेक घसरतो, तापलेल्या सायलेन्सरवर धूर निघतो आणि पावसात तेच ऑइल विहिरीकडे वाहून जातं. त्याऐवजी गंज घासून प्रायमर आणि अंडरकोटिंग करावं. सायलेन्सर आणि ब्रेकचे भाग मात्र सोडावेत.

हौदा, फाळका, स्टेपनी, केबिन

- फाळक्याच्या हुकात जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. साखळीवर ट्यूबचा तुकडा चढवावा.
- हौदा चॅसिसला धरणारे बोल्ट दर महिन्याला बघावेत. मधलं रबर किंवा लाकूड सडलं असेल तर बदलावं.
- स्टेपनीचा स्क्रू पुरता आवळावा. गंजून अडकत असेल तर ग्रीस लावावं. स्टेपनी खाली पडून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ शकते.
- बॅटरीची पट्टी, जॅक आणि पान्यांची पेटी आवळलेली असावी.
- दरवाजाचा आवाज बहुतेक वेळा लॉकच्या पकडीचा असतो, तिचे दोन स्क्रू सोडून किंचित आत सरकवली की थांबतो.

हौद्याच्या तळाला चांगली सोय म्हणजे पाण्याची वाट ठरवणं. सगळ्या फटी बुजवून मागच्या कोपऱ्यात एक तोटी आणि तिला चॅसिसच्या बाहेर जाणारी नळी जोडावी. गळकं पाणी पाट्यांवर आणि सायलेन्सरवर पडायचं थांबलं की निम्मा गंज तिथेच थांबतो. रस्त्यावर मासळीचं पाणी सांडलं की दुचाक्या घसरतात, तेही टळतं.

सायलेन्सर बदलायचा तर कोणता?

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

साध्या लोखंडी पत्र्याचा : सगळ्यात स्वस्त, कुठेही वेल्डिंग होतं, पण खाऱ्या हवेत आयुष्य सगळ्यात कमी.

अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पोलादाचा : मध्यम किंमत, साध्यापेक्षा जास्त टिकतो. वेल्डिंग केलेल्या जागी थर जळतो, तिथून गंज सुरू होतो. उष्णता सोसणारा रंग तिथे मारावा.

४०९ प्रकारच्या स्टीलचा : बऱ्याच कंपन्या गाडीबरोबर हेच देतात. वरून तांबूस होतो, पण पटकन भोक पडत नाही.

३०४ प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा : महाग, पण किनाऱ्यावर चांगला टिकतो. याला सुद्धा मीठ पूर्ण सोसत नाही, बारीक खड्डे पडतात. धुणं चुकत नाहीच. वेल्डिंगला स्टेनलेसची योग्य तार हवी, साध्या रॉडने जोडलं तर जोड आधी गंजतो.

गाडी अजून पाच-सहा वर्षं चालवायची असेल तर चांगल्या स्टीलचा खर्च परवडतो. वर्षभरात विकायची असेल तर कंपनीचा किंवा त्याच मापाचा चांगला पर्याय पुरे. घेताना गाडीचं नाव सांगून न घेता चॅसिस नंबर आणि बीएस-४ की बीएस-६ हे सांगून घ्यावा. दिसायला सारखे डबे आतून वेगळे असतात. डब्याबरोबर नवी गॅस्केट, क्लॅम्प, रबरं आणि नट-बोल्ट घ्यावेत. जुन्या गॅस्केटवर नवा सायलेन्सर म्हणजे आठवड्यात पुन्हा फटफट.

नळीचा शेवट हौद्याच्या बाहेरपर्यंत यायला हवा. तोंड हौद्याखालीच संपलं तर धूर तिथे कोंडतो आणि मालाला वास लागतो. रस्त्याकडेच्या माणसांच्या अंगावरही धूर जाणार नाही असं तोंड ठेवावं. डिझेलच्या टाकीपासून, नळ्यांपासून आणि वायरिंगपासून नळी लांब जावी.

'मोकळा' सायलेन्सर बसवला की ताकद वाढते का?

तरुण चालकांमध्ये ही चर्चा फार. डबा काढून सरळ नळी टाकली की गाडी जोरात पळते, असं सांगितलं जातं. खरं काय ते बघू.

टर्बो इंजिनात धुराची वाट मोकळी असली तर टर्बोला काम सोपं जातं, एवढं खरं. पण इंजिन किती डिझेल ओढणार हे आताच्या गाड्यांत संगणक ठरवतो. नळी मोठी केल्याने डिझेल वाढत नाही, त्यामुळे मालवाहू पिकअपमध्ये जाणवण्यासारखी ताकद वाढत नाही. वाढतो तो आवाज. मोठ्या आवाजाने गाडी जोरात असल्याचा भास होतो, एवढंच.

गाडी चढावर खरंच दमत असेल तर कारणं बहुधा दुसरीकडे असतात. चोंदलेला एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमधलं पाणी, टर्बोच्या हवेच्या फाटलेल्या नळ्या, काजळी धरलेला ईजीआर व्हॉल्व्ह, घसरणारा क्लच, चिकटलेले ब्रेक. हे आधी तपासावं. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फूट उंचावर आहे. हर्णेहून निघालेली प्रत्येक भरलेली गाडी हा चढ चढतेच. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर कुठलाही सायलेन्सर मदतीला येत नाही.

आणि पहाटे तीनला गावातून सरळ नळीची गाडी गेली की लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं सगळी जागी होतात. चालकाच्या कानालाही तोच आवाज रोज तासन्‌तास बसतो. ऐकू येणं एकदा कमी झालं की परत येत नाही.

बीएस-६ गाडी असेल तर जास्त काळजी

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला. या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारे डबे असतात. काजळी अडवणारी गाळणी म्हणजे डीपीएफ त्यातली मुख्य. ही गाळणी भरली की गाडी स्वतःच तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेऊन काजळी जाळते. त्यासाठी काही वेळ सलग पळावं लागतं. फक्त बंदर ते बर्फ कारखाना अशा फेऱ्या मारल्या तर गाळणी भरत जाते आणि मीटरवर दिवा लागतो. दिवा लागला की गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्याला सलग चालवावी. पंधरा-वीस मिनिटांत बहुधा काम होतं. मध्येच चावी बंद करू नये. दिवा लुकलुकायला लागला किंवा गाडीने ओढ कमी केली तर सर्व्हिस सेंटरला न्यावी.

अशा वेळी गाडी सुक्या गवतावर उभी करू नये. एप्रिल-मेमध्ये कोकणात कातळावरचं गवत वाळलेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या असतात, आंबा-काजूच्या बागांत पाला पडलेला असतो. तापलेल्या डब्याखाली वणवा पेटायला वेळ लागत नाही.

डीपीएफ काढून टाकून संगणक फसवून देतो म्हणणारे भेटतात. त्यात वॉरंटी अडचणीत येते, पीयूसी आणि फिटनेसला गाडी अडकते, आणि विकताना भाव पडतो. मागच्या नळीत बोट फिरवून बघावं. बीएस-६ गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोटाला दाट काजळी लागली तर गाळणी फुटली आहे किंवा कोणीतरी काढली आहे. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी फुकटात होते.

काही गाड्यांत युरियाचं पाणी टाकावं लागतं, ज्याला डीईएफ म्हणतात. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण असतं. शेतीचा युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून टाकू नये. शेतीच्या युरियाला निंबोळी तेलाचा थर असतो, पाण्यात क्षार असतात. दोन्हींमुळे फवारणीचं नोझल आणि पुढचा डबा कायमचा चोंदतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे.

इंजिन ऑइलही पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घालावं. साध्या ऑइलची राख गाळणीत अडकते आणि ती जळून जात नाही.

कायदा काय सांगतो?

- केंद्रीय मोटार वाहन नियम १२० नुसार प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच.
- मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत नियमबाह्य बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.
- आवाज आणि धुराचे नियम मोडले तर कलम १९० (२) नुसार पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद आहे.
- पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्षाचं, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांचं मिळतं. नवीन गाडीला पहिलं वर्ष लागत नाही.
- मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं.

त्याच मापाचा, त्याच गाडीसाठी बनवलेला सायलेन्सर चांगल्या स्टीलमध्ये बसवणं ही दुरुस्ती झाली. डबा काढणं, गाळणी काढणं, सरळ नळी टाकणं हा बदल झाला. दोन्हींतला हा फरक लक्षात ठेवावा.

गॅरेजमध्ये गेल्यावर

वेल्डिंग करायच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगावी, नाहीतर गाडीचा संगणक जळू शकतो. वेल्डिंगची अर्थ क्लिप कामाच्या जागेजवळच लावावी. डिझेल टाकी आणि ब्रेकच्या नळ्या झाकाव्यात, जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवावी. चॅसिसला भोक पाडू देऊ नये. सेन्सरच्या वायरी कापून जोडू देऊ नयेत. कामाचा आणि सामानाचा दर आधी वेगवेगळा विचारून घ्यावा, बदललेले जुने भाग परत मागावेत. काम झाल्यावर मेस्त्रीला शेजारी बसवून खराब रस्त्यावर एक फेरी मारावी. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, गाडी थंड करून, सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळावेत.

बंदीच्या दिवसांत उरकायची कामं

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. भाडं कमी असतं, गाडी रिकामी असते. ही कामं खरं तर मेअखेरीस, पाऊस सुरू व्हायच्या आधी केलेली उत्तम, कारण ओल्या पत्र्यावर रंग धरत नाही.

१. गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवणे.
२. गंज घासून प्रायमर, मग अंडरकोटिंग.
३. सायलेन्सरची रबरं, क्लॅम्प, गॅस्केट तपासणे.
४. पाट्यांचे बुश, यू-बोल्ट, शॉकअप.
५. ब्रेकच्या नळ्या. गंजाने पापुद्रे निघत असतील तर लगेच बदलणे.
६. हौद्याच्या फटी बुजवून पाण्याची नळी काढणे.
७. पीयूसी, फिटनेस, विमा यांच्या तारखा बघणे.

आणि हंगाम सुरू झाल्यावर रोजचं एकच काम. शेवटची फेरी झाली, सायलेन्सर थंड झाला, की हौदा आणि गाडीचा तळ विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुवावा. पाण्याचा फवारा पाट्यांमध्ये, चाकांच्या आत आणि सायलेन्सरच्या वरच्या बाजूला जाऊ द्यावा. तापलेल्या सायलेन्सरवर मात्र एकदम पाणी मारू नये, वेल्डिंगचे जोड तडकतात. भरतीच्या पाण्यात गाडी घालू नये. गेलीच तर त्याच दिवशी धुवावी आणि ब्रेक, हबचं ग्रीस तपासून घ्यावं.

महिन्यातून एकदा फाळके काढून, टप उतरवून, रिकामी गाडी खराब रस्त्यावरून न्यावी आणि नुसतं ऐकावं. नवा आवाज कानाला लागला तर त्याच आठवड्यात शोधावा. बंदरावर लवकर सापडलेला ढिला बोल्ट पान्याने आवळता येतो. रात्री दोन वाजता, हौद्यात माल आणि वितळणारा बर्फ असताना, घाटात तुटलेला तोच बोल्ट फार महाग पडतो.